देवबागचा नौकाविहार

समुद्राविषयीं आम्हां देशावरच्या माणसांचें ज्ञान बहुधा पुस्तकी असतें. मीं स्वतः पस्तीस वर्षें शाळेंत भूगोल व संस्कृत शिकविलें. खारे वारे व मतलई वारे यांतील भेद फळ्यावर बाण काढून समजावून दिला. रत्नाकर, अर्णव, उदधि, सिंधु असे समुद्राचे पर्याय शब्द मुलांकडून पाठ करून घेतले. परंतु ज्या जलराशीचे हे पर्याय, त्याच्या पाठीवर मी वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत एकदांही बसलों नव्हतों, हें वाचकांपुढें कबूल केलेलें बरें. गेल्या मार्गशीर्षांत तो योग आला. त्या सहलींत आम्हीं जें पाहिलें तें येथें सांगणार आहेंच; पण त्या दिवशीं माझ्या हातून जी एक चूक झाली तीही सांगणार आहें. ती पाहिलेल्या गोष्टींपेक्षां वाचकांच्या अधिक उपयोगीं पडेल.

आमचें बिऱ्हाड वाईचें. घरांत थोरले बंधु दादा, वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, माझा मुलगा, दोन्ही सुना आणि तीन नातवंडें अशीं अकरा माणसें एकत्र नांदतों. दादांना सिंधुदुर्ग पाहण्याची इच्छा फार दिवसांची होती. "गुडघे चालतात तोंवर नेऊन आणा," असें ते दर दिवाळीला म्हणत. शेवटीं या वर्षीं मुलांनीं सुट्या जुळविल्या आणि कोल्हापूरवरून घाट उतरून, कसालच्या फांट्यानें आम्ही मालवणास पोंचलों.

घरांत सगळे उत्सुक, पण वहिनी मात्र अगदीं गप्प होत्या. त्याचें कारण आम्हां वडील मंडळींस ठाऊक होतें, लहानांस नव्हतें. वहिनींचें माहेर अलीबागकडचें. सन १९४७ च्या १७ जुलैस 'रामदास' नांवाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें त्या सकाळीं गेलीं. त्यांत वहिनींचे थोरले मामा होते. वहिनींचा जन्म त्यानंतर सहा वर्षांनीं झाला. म्हणजे मामांना त्यांनीं पाहिलेंही नाहीं. पण त्यांच्या मातोश्री दिव्यांच्या अवसेला एक दिवा समुद्राच्या दिशेला तोंड करून लावीत आणि तो दिवस मुलींना सांगत. अशा रीतीनें न पाहिलेल्या पाण्याचें भय या बाईंच्या मनांत बाळपणींच घर करून बसलें होतें. त्यांत सन २०२४ च्या १८ डिसेंबरला घारापुरीस जाणारी प्रवासी नाव मुंबईच्या बंदरांत अपघातानें बुडाली, ती बातमी त्यांनीं वाचली होती.

मीं त्यांची समजूत घालण्याचा यत्न केला. आणि मास्तरकीच्या संवयीप्रमाणें शास्त्रापासून सुरुवात केली. म्हटलें, "बौधायनानें समुद्रयान पातकांत घातलें आहे खरें, पण तें परदेशगमनाविषयीं. डोळ्यांदेखत असलेल्या किल्ल्यापर्यंत जाण्यास कोणतेंच शास्त्र आड येत नाहीं." वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला शास्त्राची भीति नाहीं, पाण्याची आहे." यावर माझ्याजवळ वचन नव्हतें.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग समोरच दिसतो. आमची होडी पंधरावीस मिनिटांत तेथें पोंचली. कुरटे नांवाच्या खडकाळ बेटावर या दुर्गाचा पाया श्रीशिवछत्रपतींनीं सन १६६४ च्या २५ नोव्हेंबरला, म्हणजे मार्गशीर्षांतच, घातला. पायाचे दगड बसवितांना शिसें ओतलें होतें. किनाऱ्यावरून पाहतां ही नुसती पाण्यावर ओढलेली एक काळी रेघ वाटते. होडी जवळ जाऊं लागली कीं ती रेघ उंच होत जाते, वळणें घेऊं लागते, आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते: दरवाजा कोठें दिसत नाहीं! बुरुजांच्या वळणांत तो असा लपविला आहे कीं अगदीं तटाखालीं गेल्याशिवाय त्याचा पत्ता लागूं नये. शत्रूला बुचकळ्यांत टाकणारी ही युक्ति मीं वर्गांत पुष्कळदां सांगितली होती. ती समजली मात्र त्या दिवशीं, कारण मी प्रथमच शत्रूच्या जागेवरून किल्ला पाहत होतों. समुद्रावरचे किल्ले समुद्रावरून पाहण्याकरितांच बांधलेले असतात.

आंत छत्रपति राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत. चहूंकडे खारें पाणी आणि मध्यें हें गोड पाणी! दादांनीं ओंजळभर पाणी तोंडावर घेतलें आणि डोळे मिटून क्षणभर उभे राहिले. आम्ही परत आलों तेव्हां वहिनी धक्क्याजवळ सांवलींत जपमाळ घेऊन बसलेल्या होत्या. आमच्या होडीवरून त्यांची नजर दोन तास हललेली नसावी, असें त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलें.

दुसऱ्या दिवशीं देवबागहून किनाऱ्या-किनाऱ्यानें निवतीपर्यंत जाण्याचा बेत होता. रात्रीं धाकट्या नातीनें हट्ट धरला, "आजी नाहीं आली तर मीही जाणार नाहीं." ती आठ वर्षांची. तिच्या पुढें शास्त्र चालत नाहीं आणि भीतीही चालत नाहीं. वहिनींनीं बराच वेळ विचार केला व म्हणाल्या, "येईन, पण मी सांगेन तेथें पोरीनें बसायचें."

कोंकणांत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे, तो वाचकांनीं टिपून ठेवावा. ज्या दिवशींची तिथि असेल तिची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळीं साडेसाताच्या सुमारास व पुन्हां रात्रीं तशीच. पूर्ण भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा हिशेब स्थूल आहे, मिनिटाचा नव्हे. परंतु पंचांग घरीं असणाऱ्या माणसाला घरबसल्या समुद्राची नाडी पाहतां यावी, एवढा तो खरा आहे. आमची ती शुद्ध दशमी होती. मीं हा हिशेब आमच्या तांडेलास मोठ्या ऐटीनें सांगितला. तो चाळिशीचा, सडपातळ, मितभाषी गृहस्थ. किंचित् हंसून म्हणाला, "होय गुरुजी. म्हणानच दहाच्या आत मुखातून आत येवक होया. ओहोटीन जोर धरल्यान काय मुखार लाटा फुटतत."

याचा अर्थ असा. देवबाग ही कर्ली नदी व समुद्र यांच्या मध्यें दक्षिणेकडे लांबत गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या टोंकाशीं नदी समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळीं नदीचें पाणी वेगानें बाहेर धांवतें आणि समुद्राची लाट आंत येऊं पाहते. या दोहोंची टक्कर उथळ वाळूवर होते व लाटा उभ्या राहून फुटतात. भरती पूर्ण असतां हेंच मुख थाळींतल्या पाण्यासारखें शांत असतें. म्हणजे जाण्याची वेळ प्रवाशानें नव्हे, पाण्यानें ठरवावयाची.

होडींत बसण्यापूर्वीं तांडेलानें प्रत्येकाच्या अंगांत जीवरक्षक जाकीट घालून त्याचे बंद स्वतः ओढून पाहिले. दादांना तें अवघड वाटलें. पण तो म्हणाला कीं बंद बांधल्याशिवाय यंत्र सुरूं होणार नाहीं. मग दोन्ही बाजूंच्या बांकांवर वजन सारखें पडेल अशा बेतानें त्यानें आम्हांस बसविलें आणि बजावलें कीं कोणी उठूं नये, कांहीं दिसलें तरी उठूं नये. वहिनी नातीला घेऊन मधोमध खालीं बसल्या. त्यांचे ओंठ हलत होते.

मुखांतून बाहेर पडलों आणि डोळ्यांपुढचें दृश्य उलटें झालें. आजवर किनाऱ्यावर उभे राहून आम्ही समुद्र पाहत आलों. आतां समुद्रावर बसून किनारा पाहत होतों. देवबागचें गांव रस्त्यानें जातांना इतर गांवांसारखेंच वाटलें होतें. पाण्यावरून पाहिलें तेव्हां तें माडांचा एक हिरवा दोरा दिसूं लागलें. अलीकडे समुद्र, पलीकडे नदी, आणि मध्यें दोरा. गांवकऱ्यांना लाटांच्या माऱ्यापासून वांचविण्यासाठीं दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे कां घालावे लागतात, हें सांगण्यास तेथें मास्तर नको. उत्तरेस सिंधुदुर्गाचा तट पाण्यावर तरंगल्यासारखा वाटत होता. पूर्वेस माडांच्या मागें टेंकड्या, त्यांच्या मागें आणखी टेंकड्या, आणि सर्वांमागें सह्याद्रीची निळी भिंत. आदल्या दिवशीं मोटारीनें चार तास उतरत आलों तो सर्व प्रदेश एका दृष्टिक्षेपांत मावला होता.

भोगवें येथील किनाऱ्यावर रापण ओढणें चाललें होतें. जाळ्याच्या दोन्ही टोंकांच्या दोरांस पुरुषांच्या व बायकांच्या दोन रांगा लागलेल्या. त्या हळूहळू मागें सरकत होत्या आणि एकमेकींच्या जवळ येत होत्या. एकट्याच्या बळानें न होणारें हें काम आहे, आणि सकाळच्या उन्हांत दुरून तें एखाद्या मोठ्या घरच्या कार्यासारखें वाटत होतें. पुढें निवतीचें उंच भूशिर आलें. त्यावर शिवकालीन किल्ल्याचे अवशेष आहेत आणि खालीं सोनेरी-तांबूस खडक लाटांत उभे आहेत. एक समुद्रगरुड माडाच्या शेंड्यावरून निघाला, पंख न हलवितां आमच्या डोक्यावरून गेला, आणि मुलें ओरडलीं. दादा तोंडानें कांहीं बोलत नव्हते. त्यांचा हात मात्र माझ्या हातांत होता.

येथवर सर्व कांहीं ठीक चाललें होतें. इतक्यांत पुतण्यानें हांक दिली, "डॉल्फिन!" उजव्या अंगाला पंचवीसतीस हातांवर पाण्यांतून एक करडी पाठ वर आली, तिच्यावरचें कुबडासारखें मांसल उंचवटें व पर दिसला, आणि ती सांवकाश बुडाली. मागोमाग दुसरी, तिसरी. हा मासा नव्हे. तो हवेंत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि म्हणूनच त्याला पुन्हां पुन्हां वर यावें लागतें. गंगेंतील सुसूचा तो सागरांतला भाऊबंद, संस्कृतांतील शिशुमार. हें सर्व मला ठाऊक होतें आणि तें तत्काळ नातवंडांना सांगण्याची मला घाई झाली. मी उठलों. बोट दाखवून "तो पाहा, शिशुमार!" असें म्हणत उजव्या कांठाशीं गेलों. घरांतलें वडील माणूस उठलेलें पाहून मुलगा उठला, पुतण्या उठला, सुना उठल्या, दोन्ही नातू बांकावर चढले. एका क्षणांत आठ माणसें उजव्या अंगाला झालीं.

होडी कलली. बाजूनें येणारी एक साधी लाट, एरवीं आम्हांला जाणवलीही नसती अशी, कांठावरून आंत आली आणि माझ्या पोटऱ्यांपर्यंत थंड पाणी लागलें. कोणी तरी किंकाळी फोडली. आतां सगळ्यांची एकच धांव होणार होती, डाव्या बाजूला. माझेंही एक पाऊल उचललें होतें. तांडेल मागें सुकाणूवर. त्याचा आवाज यंत्राच्या घरघरींत ऐकूं येईना.

तेवढ्यांत मधोमध बसलेल्या वहिनी ओरडल्या. पन्नास वर्षांत मीं त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "पलीकडे धांवूं नका! आहांत तेथेंच खालीं बसा! भाऊजी, बसा खालीं!"

मी मटकन् खालीं बसलों. पाण्यांतच बसलों. माझें पाहून बाकीचेही आपापल्या जागीं बसले. होडी डाव्या अंगाला एकदां झुकली, पुन्हां उजव्या अंगाला आली, आणि सरळ झाली. तांडेलानें यंत्र मंद करून होडीचें तोंड लाटेकडे वळविलें, एकेकास हातानें खूण करून मूळच्या जागीं सरकविलें आणि मग पाणी उपसूं लागला. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं तोच म्हणाला, "आजीन होडी राखल्यान."

वर्गांत मीं गुरुत्वमध्य शिकविला आहे. माणूस बसलेला असतां होडीचा गुरुत्वमध्य खालीं असतो. उभा राहिला कीं तो वर चढतो, आणि सर्व माणसें एका कांठाला गेलीं कीं तो बाजूला सरकतो. त्यानें होडी कलते. पण कललेल्या होडींत सर्वांनीं एकदम उलट दिशेला धांव घेतली तर ती नुसती सरळ होऊन थांबत नाहीं. त्या हेलकाव्यानें ती दुसऱ्या अंगाला अधिक कलते. एवढें ज्ञान असलेल्या माणसानेंच प्रथम उठावें, आणि इंग्रजी चौथीपुढें शाळा न पाहिलेल्या बाईनें होडी राखावी, याचा मला जो संकोच वाटला तो येथें लपवीत नाहीं.

पाणी उपसून झाल्यावर मीं वहिनींना विचारलें, "तुम्हांला हें कसें सुचलें?" त्या नातीचे ओले केंस पदरानें पुसत होत्या. म्हणाल्या, "सुचायचें काय त्यांत? आई सांगत असे. लाटेनें बोट कलली, माणसें घाबरून एका अंगाला धांवलीं, आणि बोट उलटली. ती म्हणायची, बोट कलली लाटेनें, बुडाली माणसांनीं. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनीं होड्यांतली मासळी समुद्रांत टाकून दिली आणि माणसें उचलून घेतलीं. तेंही ती सांगायची. पण शेवटीं आम्हां मुलींना बजावायची, कधीं नावेंत बसाल तर जागा सोडूं नका." इतकीं वर्षें आम्हीं ज्याला वहिनींचें भय म्हणत आलों, तें वस्तुतः एक शिकवण होती. ती कामाला येण्याची वेळ आजवर आली नव्हती इतकेंच.

यानंतरही माझी खोड पुरती गेली नव्हती, तीही गोष्ट सांगून टाकतों. निवतीच्या समोर खोल समुद्रांत वेंगुर्ल्याच्या खडकांवर दीपगृह आहे. तेथील गुहांत पाकोळीच्या जातीचे पक्षी आपल्या लाळेचीं घरटीं करतात. हवा पाहून त्या बाजूला थोडें जाऊं, असें ठरलें होतें. नऊ वाजून गेले तेव्हां तांडेलानें हात वर करून वारा पाहिला आणि म्हणाला, "वारो फिरलो. आता पुढे नाय." सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडला होता आणि समुद्राकडून खारा वारा सुरूं होत होता, पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसूं लागल्या होत्या. मीं म्हटलें, "अहो, ठरलें होतें ना?" तो शांतपणें उत्तरला, "पैसे परत घेवा, पण पुढे नाय." आपल्या मिळकतीवर पाणी सोडणारें हें उत्तर होतें. या वेळीं दादा बोलले, "तांडेल म्हणतील तसें." मीं मान खालीं घातली. फळ्यावरचे माझे बाण तो माणूस गालावर वाचत होता.

दहाला पांच मिनिटें असतां आम्ही मुखाशीं आलों. ओहोटी लागलेली होती. सकाळीं थाळीसारखें शांत असलेल्या पाण्यावर आतां पांढऱ्या कडा दिसत होत्या आणि होडी दोन वेळां चांगलीच उचलली गेली. कोणी जागचें हललें नाहीं. आंत, नदीच्या पाण्यावर आल्यावर मात्र धाकटी नात एकदम हंसूं लागली आणि मग सगळेच हंसलों. ठरलेल्या पैशांपेक्षां अधिक देऊं केलें, तें तांडेलानें घेतलें नाहीं. वहिनींनीं डब्यांतला लाडू त्याच्या हातावर ठेवला, तो मात्र घेतला.

वाचकहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं सुटींत कोंकणांत जाण्याचे बेत होत असतील. अवश्य जावें, आणि किनाऱ्यावरून परत फिरूं नये. एकदां तरी नावेंत बसून आपला देश समुद्राच्या बाजूनें पाहावा. ज्यांनीं हे जलदुर्ग रचले त्यांची दृष्टि त्याशिवाय कळावयाची नाहीं. पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा काळ निवडावा. सकाळची वेळ धरावी. जाकीट अंगांत घालावें, व त्याचे बंद बांधावे. तें मांडीवर घेऊन बसणें म्हणजे न घेण्यासारखेंच. नावेंत माणसें मावतील तितकीं नव्हे, तर तांडेल सांगेल तितकींच बसावीं. तो फिरा म्हणाला तर फिरावें. आणि समुद्रांतून साक्षात् शिशुमार वर आला तरी आपली जागा सोडूं नये. तो पुन्हां वर येतो. त्याला श्वास घ्यावयाचा असतो.

आमच्याकडे आतां एक नवी चाल पडली आहे. यंदा दिव्यांच्या अवसेला वहिनी देवघरांत दिवे मांडीत असतां धाकट्या नातीनें विचारलें, "आजी, समुद्राकडचा दिवा कोणता?" त्यांनीं एक समई उचलून पश्चिमेच्या खिडकींत ठेवली आणि नातीला जवळ बसवून ती गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली. मी ओसरीवर बसून ऐकत होतों. या वेळीं मधें बोललों नाहीं.